दाढ काढल्यावर जिमची घाई? या चुका टाळा

दाढ काढून दोन दिवस होत नाहीत तोच कुणी नागपूरच्या अंबाझरी तलावाकाठी धावताना दिसला आणि त्याला टोकलं, की उत्तर तयार असतं: "दात काढला न भाऊ, पाय थोडीच काढला!" युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण धावताना रक्तदाब आणि नाडी वाढते, ती काय फक्त पायांपुरती नाही. जबड्यातल्या ताज्या खड्ड्यातही तेच रक्त जोरात पोचतं.

दात निघाला की त्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते. तिच्याखाली हाड असतं, नसा असतात, आणि पुढची सगळी भर तिच्या आधारानेच होते. ती वेळेआधी निसटली किंवा विरघळली, तर हाड उघडं पडतं. यालाच डेंटिस्ट ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेनंतर हा त्रास जास्त दिसतो.

दुखणं थांबलं म्हणजे भरलं असं धरणं

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ड्राय सॉकेटची कळ बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सुरू होते, म्हणजे पहिला ठणका ओसरून माणूस बूट शोधायला लागतो नेमका तेव्हा. शिवाय त्या दिवसांत पोटात पेनकिलर असते, त्यामुळे 'दुखत नाही' या साक्षीला फारसा अर्थ नाही. वरची हिरडी मिटायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने.

म्हणून दिवस मोजा. साधा दात सहज निघाला असेल तर पहिले 24 तास आराम, 48 ते 72 तास दमछाक करणारं काहीच नाही. नंतर सपाट रस्त्यावर चालणं. सेमिनरी हिल्सचा चढ अजून नको. वजनं साधारण आठवड्याने, तीही नेहमीच्या निम्म्यापासून. हिरडी कापून, हाड कोरून, टाके घालून अक्कलदाढ काढली असेल तर जोराच्या व्यायामाला 7 ते 10 दिवस थांबा. तुमच्या डेंटिस्टने याहून जास्त सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. खड्डा त्यांनी पाहिलाय, जिमच्या ट्रेनरने नाही.

वजन कमी केलं की झालं, असं समजणं

प्रश्न फक्त किलोचा नाही. श्वास रोखून जोर लावला की डोक्याकडचा दाब वाढतो, म्हणून डेडलिफ्ट आणि लेग प्रेस सगळ्यात शेवटी. डोकं खाली जाणारे प्रकार, म्हणजे बर्पी, शीर्षासन, अगदी आपले सूर्यनमस्कारसुद्धा, थोडे लांबणीवर टाका. वरची दाढ काढली असेल तर कपालभाती बंद. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या नाकाला जोडलेल्या पोकळीच्या, अगदी लगत असतात, नाकातून जोराने हवा सोडली तर तिथला पातळ पडदा उघडू शकतो. पाणी पिताना ते नाकातून आलं, तर व्यायाम राहू द्या आणि क्लिनिक गाठा.

कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंगवाल्यांचा हिशेब वेगळा. हाडात रुतलेली खालची अक्कलदाढ काढल्यावर जबडा काही आठवडे कमकुवत राहतो आणि जोराचा फटका बसल्यास तो मोडू शकतो. कधी उतरायचं, हे ज्यांनी दाढ काढली त्यांनाच विचारा.

व्यायामानंतरची सवय न सोडणं

खरं सांगायचं तर, व्यायामाइतकाच घात त्याच्या आगेमागे होतो. धावून आलं की नारळपाणी, आणि त्यात स्ट्रॉ. ओढून पिताना तोंडात जी पोकळी तयार होते, ती गाठ खेचून काढू शकते. ग्लासात ओतून घ्या. सिपरच्या बाटलीलाही हेच लागू. पहिल्या दिवशी खळखळून चूळ भरणं, पचापचा थुंकणं नको. 24 तासांनंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच फिरवा आणि ओठातून सोडून द्या. तर्री पोहे आठवडाभर विसरा. झणझणीत तर्री जखमेला झोंबते आणि चिवड्याचे कण खड्ड्यात अडकतात.

आणि खर्रा. नागपुरात हा विषय टाळून दातांबद्दल लिहिता येत नाही. सकाळी जिम, बाहेर पडल्यावर पुडी, हे दृश्य नवं नाही. त्यातल्या तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, चुना जखमेला भाजतो, सुपारीचे खडे खड्ड्यात बसतात, वर थुंकणं आहेच. एक वेळ चौथ्या दिवशी सपाट रस्त्यावर फेरफटका चालून जाईल, खर्रा नाही चालणार. सिगारेटचंही तेच.

उन्हाळ्यात आणखी एक भर. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, दोन दिवस पोटात फक्त पातळ खिचडी नि दही. अशा अंगाने धावलं तर आधी चक्कर येते. आधी जेवण पूर्ववत होऊ द्या.

बिघडलंच तर

व्यायाम करताना तोंडात रक्ताची चव आली, खड्डा ठणकू लागला, की तिथेच थांबा. ताठ बसा, निर्जंतुक गॉझची घडी खड्ड्यावर ठेवून अर्धा तास घट्ट चावून धरा. दर दोन मिनिटांनी काढून बघू नका, त्यानेच रक्त पुन्हा सुरू होतं. तेवढ्यानेही थांबलं नाही तर डेंटिस्टकडे. मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, कळ कानापर्यंत गेली, तोंडाला घाण वास आला, तर लवंग तेलाचे बोळे कोंबत बसू नका. डेंटिस्ट खड्डा धुऊन औषधी ड्रेसिंग भरतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. ताप, तिसऱ्या दिवसानंतरही वाढत जाणारी सूज, तोंड उघडायला त्रास असेल तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.