दोन १८ इंची ड्रायव्हरचा बेस हॉर्न: मापं कशी काढायची

बेस हॉर्नचा, म्हणजे आत घडी घातलेला भोंगा असलेल्या बेस पेटीचा, हिशेब माउथपासून (भोंग्याच्या तोंडापासून) सुरू होतो, ड्रायव्हरपासून (स्पीकरपासून) नाही. ४० हर्ट्झची तरंगलांबी साधारण ८.६ मीटर. माउथचा परीघ तेवढा हवा, म्हणजे मोकळ्या हवेत जवळपास ५.९ चौरस मीटरचं तोंड. पेटी जमिनीवर असली की निम्म्यात भागतं. तरी एवढी एक पेटी कोणत्याच टेम्पोत चढणार नाही, म्हणून माउथ सहा पेट्यांत वाटून घ्यायचं: प्रत्येकी ०.५ चौ.मी., आणि सहाही पेट्या एकमेकींना चिकटवून रचायच्या. दोनच पेट्या नेऊन ४० चा धक्का मागितला तर मिळत नाही. त्यात दोष ड्रायव्हरचा नसतो, माउथ कमी पडलेलं असतं.

आता ड्रायव्हर. १८ इंची कोनचं (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याचं) कामाचं क्षेत्रफळ साधारण ११५० ते १२०० चौ.सें.मी., दोघांचं मिळून २४०० च्या आत. थ्रोट (भोंग्याचं अरुंद टोक) ९०० चौ.सें.मी. ठेवला तर दाब, म्हणजे कोनचं क्षेत्रफळ भागिले थ्रोटचं, २.६ पटींच्या आसपास राहतो. तीनपटीच्या पुढे जायचं तर कोन खूप कडक हवा, नाहीतर हवेच्या दाबाने तो सराउंडपाशी (कडेच्या लवचिक पट्टीपाशी) फाटतो. डेटाशीटवर क्यूटीएस (एकूण डॅम्पिंगचा आकडा) ०.२५ ते ०.३५, एफएस (ड्रायव्हरची स्वतःची कंपनसंख्या) ३० ते ४० हर्ट्झ आणि बीएल (मोटरची ताकद) जास्त असलेला ड्रायव्हर निवडा. साध्या रिफ्लेक्स (भोकाच्या) पेटीत छान वाजणारा सैल ड्रायव्हर इथे मऊ पडतो.

जोडी एकाच मॉडेलची हवी. एक नवा आणि एक रिकोन केलेला (कोन आणि कॉईल बदललेला), असं करू नका. सस्पेन्शनचा कडकपणा वेगळा, त्यामुळे दोघांचा प्रवास (कोनची पुढे-मागे हालचाल) वेगळा, आणि जास्त हलणाराच आधी जातो. मोजण्यापूर्वी दोन्ही काही तास वाजवून मोकळे करा. एफएसमध्ये ५ टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर ती जोडी बाजूला ठेवा.

पेटीची आतली रुंदी सगळीकडे ५६ सें.मी. ठेवली की फक्त फळ्यांमधली फट मोजावी लागते. हॉर्नची लांबी मध्यरेषेवर २१५ सें.मी., म्हणजे ४० हर्ट्झच्या पाव तरंगाएवढी. एक्स्पोनेन्शियल वाढीने फट अशी येते: थ्रोटला १६ सें.मी., ५० वर २४, १०० वर ३६, १५० वर ५३ आणि माउथला ८९. फट नेहमी मध्यरेषेला काटकोनात मोजायची. घडीच्या कोपऱ्यात इथेच चुका होतात. बाकी घड्यांची फार चिंता नको, १०० हर्ट्झच्या खालच्या लांब लहरींना ती वळणं जाणवतही नाहीत.

खरी मेख थ्रोटपाशी आहे. दोन्ही ड्रायव्हर समोरासमोर, मधल्या फटीत वाजणारे. या फटीतली हवा वरच्या फ्रिक्वेन्सी कापते. थ्रोटचं क्षेत्रफळ (चौ.मी.) गुणिले ३४५ (आवाजाचा वेग), त्याला ६.२८ गुणिले ही हवा (घन मीटर) या गुणाकाराने भागा, की कुठून कापायला लागते ते कळतं. दोन्ही बॅफल (ड्रायव्हर बसवायच्या फळ्या) समांतर, १६ सें.मी. अंतरावर आणि फट ५० सें.मी. खोल ठेवली तर ४५ लिटर होतात. कोनच्या खोलगटातली हवा धरली तर ५५ च्या आसपास. उत्तर ९० हर्ट्झ, म्हणजे कामाच्या पट्ट्यातच घसरण. तेच बॅफल तिरके लावून बंद टोकाला ६ आणि थ्रोटला १६ सें.मी. ठेवले तर हवा ४० लिटरच्या आसपास येते आणि हद्द १२४ हर्ट्झवर जाते. ६ पेक्षा कमी करू नका, सराउंड आणि कोनची धाव यांना जागा लागते. एक ड्रायव्हर उलटा बसवून पुश-पुल करण्याचा मोह या रचनेत टाळा; त्याचं मॅग्नेट १६ सें.मी. च्या फटीत मावत नाही.

मागचा चेंबर (ड्रायव्हरमागची बंद जागा) प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा, सुरुवातीला ८० लिटरचा. सामाईक चेंबरमध्ये एक कॉईल जळली की त्याचा कोन दुसऱ्याच्या दाबाने नुसता डुलतो, दुसऱ्याचा आधार जातो आणि थोड्या वेळात तोही संपतो. मधली फळी १८ मि.मी. ची, सगळ्या कडा गोंदाने बंद. ड्रायव्हर मागून बसतो, म्हणून चेंबरचं दार ५० सें.मी. चं हवं. ते लहान कापलं तर बदलायच्या वेळी पेटी फोडावी लागते.

करवत हातात घेण्यापूर्वी हे आकडे हॉर्नरिस्पमध्ये टाका. हॉर्नचा आलेख काढणारं डेव्हिड मॅकबीन यांचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. जमिनीवरच्या पेटीसाठी आवाज पसरण्याचा कोन (Ang) २ पाय (२π), ड्रायव्हर दोन, समांतर. त्यात एमएमएस (हवेच्या भारासकट कोनचं वजन) नाही, एमएमडी (हवेच्या भाराशिवायचं वजन) लागतो. उलट झालं तर आलेख फसवा येतो. कोनचा प्रवास बघण्यासाठी ४ ओहमला १००० वॉट, म्हणजे ६३ व्होल्ट द्या. ३५ हर्ट्झच्या खाली हॉर्न भार सोडतो आणि कोन मोकाट सुटतो, म्हणून प्रोसेसरवर ३५ ला २४ डीबीचा हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) हवाच.

प्लाय १८ मि.मी., आयएस ७१० मरीन. ३० सें.मी. हून मोठी मोकळी फळी राहू देऊ नका, आतून पट्टी मारा. ड्रायव्हरला टी-नट, दाराला फोम टेप. जोडून झाल्यावर ५० हर्ट्झचा सूर हळू वाजवा आणि चेंबरच्या सांध्यांपाशी पेटती अगरबत्ती फिरवा. धूर थरथरला तिथे गळती आहे.

तारा जोडल्यावर मल्टिमीटर लावा. दोन ८ ओहम समांतर असतील तर २.७ च्या आसपास दिसायला हवं, ५.५ दिसलं तर एक सुटलेला आहे. मग ड्रायव्हर पेटीत बसवण्यापूर्वी ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून बघा: दोन्ही कोन एकाच वेळी पुढे यायला हवेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर पूर्ण पॉवर देऊनही बेस गायब असतो.

मैदानात लावताना टॉपला (मधल्या-वरच्या सुरांच्या पेटीला) ६ मिलिसेकंदांचा डिले द्या. हॉर्नमधला २१५ सें.मी. चा प्रवास तेवढा वेळ घेतो, आणि डिले नसला तर क्रॉसओव्हरपाशी (बेस आणि टॉप जिथे वाटले जातात त्या फ्रिक्वेन्सीपाशी) किकचा ठोका दुभंगतो.