तांबेऱ्याच्या पट्ट्यात सोयाबीनचे वाण निवडताना

मृग तोंडावर आला की दुकानात आधी पिशवीचा दर विचारला जातो आणि आत कोणते वाण आहे ते मागाहून. शिरोळ, हातकणंगले, कागलकडे तरी हा क्रम उलटा करा. आपल्या नदीकाठच्या पट्ट्यात ऑगस्ट-सप्टेंबरची झड आणि दमट, गार हवा तांबेऱ्याला, म्हणजे पानांवर गंजासारखे ठिपके पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाला, आयतीच मिळते.

जेएस 335 हे जुने वाण तांबेऱ्याला लवकर बळी पडते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचे फुले अग्रणी (केडीएस 344), फुले संगम (केडीएस 726) आणि फुले किमया (केडीएस 753) हे वाण चांगला तग धरतात.

आता पैशाचे बघू. एकरी तीस किलो बियाणे लागते. समजा या वाणांना किलोमागे वीस रुपये जादा गेले, तर एकराला सहाशे. 2025-26 च्या हमीभावाने (5,328 रुपये क्विंटल) हे जेमतेम अकरा-बारा किलो सोयाबीन! बाजारात दर पडला तर पंधरा किलो धरा. तांबेरा आला की पाने गळतात, दाणा बारीक राहतो आणि नुकसान किलोत नाही, क्विंटलात जाते. शिवाय सोयाबीन स्वपरागीत आहे, त्यामुळे एकदा घेतलेल्या प्रमाणित बियाण्यातून पुढची दोन वर्षे घरचे बी वापरता येते. जादा खर्च दरवर्षी नाही.

पाऊस लवकर उघडला त्या वर्षी मात्र हा फायदा दिसत नाही. मग पारावर ‘सगळी वाणं सारखीच’ सुरू होतं. तिकडे लक्ष देऊ नका.

तग धरणारे म्हणजे रोग येणारच नाही असे नव्हे. ऑगस्टच्या मध्यापासून खालची पाने उलटून बघा. बारीक, फुगीर, तपकिरी ठिपके असतील आणि बोट फिरवल्यावर गंजासारखी भुकटी लागली, तर हेक्साकोनाझोल 5 ईसी हे बुरशीनाशक, 10 लिटर पाण्यात 10 मिली फवारा. खोडमाशी आणि चक्रीभुंगा या किडींपुढेही ही वाणे टिकतील असे समजू नका, त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. सोयाबीनमागे पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरचा) ऊस लावायचा असेल तर या वाणांच्या कापणीला जेएस 335 पेक्षा चार-सहा दिवस जादा धरा.

घरचे बी पेरणार असाल तर आताच ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचे प्रमाण, साठ-सत्तरच्या दरम्यान असतील तर बी वाढवा आणि त्याहून कमी उगवले तर ते बी पेरणीला नको.