विमानतळावरील चार्जर आणि टॉवरमधील खरखर : या चुका टाळा

विद्युत विमानांचे जलद चार्जर बसवताना वारंवार दिसणारी चूक म्हणजे केबलचे शील्ड (तारांभोवतीचे धातूच्या जाळीचे आवरण) पिळून त्याची शेपटी करणे आणि ती पॅनेलमधील अर्थिंगच्या पट्टीला जोडणे. मल्टिमीटर शून्य ओहम दाखवतो, त्यामुळे काम चोख झाले असे समजून पॅनेल बंद केले जाते. मात्र अशा तारेचे इंडक्टन्स (वारंवारता वाढेल तसा प्रवाहाला वाढता विरोध करणारा गुणधर्म, जो मल्टिमीटरला दिसत नाही) दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री असते. टॉवर आणि वैमानिक यांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि तेथे १० सेंटिमीटरची शेपटी सुमारे ७५ ओहमचा अडथळा ठरते. मग चार्जरमधील इन्व्हर्टरचा (वीज वेगाने चालू-बंद करून बदलणाऱ्या भागाचा) गोंगाट अडवण्याऐवजी शील्डच तो अँटेनासारखा बाहेर फेकू लागते.

एका विमानतळावर चार्जिंग सुरू झाले की टॉवरच्या रेडिओत खरखर येत असे. कंत्राटदाराने आधी रिसीव्हरला दोष दिला, नंतर धन आणि ऋण तारांवर वेगवेगळी फेराइटची, म्हणजे गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाची, कडी चढवली (एकदिश प्रवाहाने ती चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन निरुपयोगी ठरतात, दोन्ही तारा एकाच कड्यातून न्याव्या लागतात) आणि अखेरीस रिसीव्हरचा स्क्वेल्च (ठरावीक पातळीखालचे क्षीण आवाज दाबून टाकणारी सोय) वाढवून घेतला. खरखर थांबली, पण दूरच्या विमानांचे क्षीण संदेशही ऐकू येईनासे झाले. तक्रार मिटवण्यासाठी कानच बंद करणाऱ्या या उपायाची मला विशेष चीड आहे. पॅनेल उघडल्यावर आत अपेक्षेप्रमाणे शेपटीच सापडली. शील्डला सर्व बाजूंनी पकडणारा धातूचा ग्लँड (केबल पॅनेलमध्ये शिरते तेथील पकड) बसवताच स्क्वेल्च पूर्ववत करता आला. ग्लँडभोवतीचा रंग खरवडून उघडा धातू दिसल्याशिवाय मी पॅनेल बंद करू देत नाही, मग घाई कोणालाही असो.

सिस्पर ११ (CISPR 11, उपकरणांतून बाहेर पडणाऱ्या रेडिओ गोंगाटाची मर्यादा ठरवणारे आंतरराष्ट्रीय मानक) चे प्रमाणपत्र म्हणजे अभय नव्हे. चाचणी एकाच चार्जरची झालेली असते, ॲप्रनवर (विमाने उभी करण्याच्या जागेवर) ओळीने उभ्या असलेल्या चार्जरांची नव्हे.

चाचणी केवळ पूर्ण भारावर उरकू नये, कारण बॅटरी भरत आल्यावर प्रवाह उतरतो आणि गोंगाटाचे स्वरूपही बदलू शकते.

चार्जर येण्यापूर्वीच दिशादर्शन आणि संभाषणाचा १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ, ग्लाइड पाथचा (उतरणाऱ्या विमानाला उताराचा मार्ग दाखवणाऱ्या संकेताचा) ३२८.६ ते ३३५.४ मेगाहर्ट्झ आणि जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झ या ठिकाणांची मोजणी नोंदवून ठेवावी. अधीर मंडळी नेमके हेच टाळतात आणि नंतर एलईडी दिव्यांचा गोंगाट चार्जरच्या माथी मारून महिनोन्महिने वाद घालत बसतात.