‘कोल्हापूर’ शोधलं तर ‘कोल्हापुरात’ का सापडत नाही? नोंदींच्या ॲपमधल्या उणिवांवर उपाय

मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी असो की उद्यमनगरातला फौंड्रीवाला, वहीतल्या नोंदी आता फोनवर गेल्या आहेत. ॲपमध्ये रंग आहेत, स्टिकर आहेत, एआयचं बटणही आलं आहे. पण मराठी शब्द शोधला की सापडत नाही, नोंदी तारखेने लागत नाहीत आणि एकगठ्ठा बाहेरही काढता येत नाहीत. नोंद लिहायची ती पुढे सापडावी म्हणून, त्यामुळे या गोष्टींची चीड येणं रास्तच आहे. कंपनी सुधारणा करेल तेव्हा करेल. तोवर ॲप जे देत नाही त्यातलं बरंचसं नोंदीच्या मजकुरातच घालता येतं.

सगळ्यात जास्त अडतं ते शोधापाशी. आधी तुमचं ॲप नेमकं कुठे अडतं ते तपासा:

१. नवी नोंद करून लिहा: ‘कोल्हापुरातून गुळाचे रवे आले. गुऱ्हाळाची उचल दिली. ॲल्युमिनियम २५० किलो.’
२. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.
३. एकेक करून शोधा: कोल्हापूर, गूळ, गुऱ्हाळ, ॲल्युमिनियम, आणि अडीचशे हा आकडा इंग्रजी अंकांत.
४. शेवटचे तीन शोध कॉम्प्युटरवरून, म्हणजे वेगळ्या कीबोर्डने, पुन्हा करा.

पहिले दोन शोध बहुतेक ठिकाणी फसतात. प्रत्यय लागला की मराठी शब्दाचं रूप बदलतं: गूळ–गुळाचा, ऊस–उसाला, पाणी–पाण्यात. ॲप अक्षराला अक्षर जुळवतं, त्यामुळे दीर्घाचा ऱ्हस्व झाला की त्याच्या लेखी शब्दच वेगळा. ‘कोल्हाप’ एवढंच शोधलं तर दोन्ही रूपं मिळतात, कारण बदल त्याच्या पुढे होतो. ‘गूळ’मध्ये मात्र बदल पहिल्याच अक्षरात आहे, तिथे ही युक्ती चालत नाही.

‘गुऱ्हाळ’ची गोष्ट वेगळी. ऱ्ह मधला अर्धा र तीन तऱ्हांनी टंकता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त (पाय मोडण्याची खूण); साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाण व्यवस्थेच्या, नियमाने समान आहेत. ॲपने शोधण्यापूर्वी मजकूर एनएफसी या प्रमाणित रूपात आणला, तर त्या जुळतात. तिसरी तशीही जुळत नाही. ‘ॲ’चंही तेच: २००८ साली युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र चिन्ह मिळालं, पण ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून लिहिण्याची जुनी रीत अजून चालू आहे, आणि ही दोन रूपं एनएफसीनेही एक होत नाहीत. म्हणून फोनवर लिहिलेलं ॲल्युमिनियम ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून शोधलं की गायब.

भलत्याच नोंदी ढिगाने येत असतील तर कारण आणखी खोल असतं. काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडमध्ये ‘अक्षर’ या वर्गात नाहीत, ‘चिन्ह’ या वर्गात आहेत. फक्त अक्षरांनाच शब्दाचा भाग मानणारी शोधयंत्रणा शब्द प्रत्येक मात्रेपाशी तोडते. हॅशटॅगही असाच अर्धवट तुटतो, म्हणून त्यावर विसंबण्याआधी ‘#गुऱ्हाळ’ असा एक टॅग करून पाहा.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीच्या शेवटी खुणेची एक ओळ: ‘खूण: कोल्हापूर, गूळ, गुऱ्हाळ, कागल, उचल’. तीत शब्द मूळ रूपातच लिहायचे, प्रत्यय न लावता. गाव, पार्टी, माल आणि काम एवढे चार-पाच शब्द पुरतात. फौंड्रीत हीट नंबर (धातूच्या एका वितळणीचा क्रमांक) आणि ड्रॉइंग नंबरही याच ओळीत टाका. मराठी आणि इंग्रजी आकडेही ॲपच्या लेखी वेगळे असू शकतात, म्हणून आकडे सगळीकडे एकाच लिपीत लिहायचे, हे कारखान्यात सगळ्यांनी मिळून ठरवून घ्या. बिलं आणि बँकेचे मेसेज इंग्रजी आकड्यांत येतात, म्हणून तेच सोयीचे पडतात.

नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत असतील तर विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस घ्या आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून सगळ्या फोल्डरमध्ये एकदम शोधा. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नमुना देऊन शोधण्याचा पर्याय, निवडून ‘ग[ुू]ळ’ दिलं की गूळ आणि गुळाचा दोन्ही सापडतात. जुन्या फाइलींतला र सुधारायचा असेल तर आधी फोल्डरची प्रत काढा, मग ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. नुसतं अदृश्य जोडचिन्ह पुसू नका. तसं केलं तर अर्ध्या र चा रफार होतो आणि गुऱ्हाळाचं ‘गुर्हाळ’ होऊन बसतं.

तारखेने लावायची सोय नसेल तर नोंदीचं शीर्षक तारखेने सुरू करा: चार आकडी वर्ष, दोन आकडी महिना, दोन आकडी दिवस, मध्ये आडवी रेघ, सगळं इंग्रजी अंकांत. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची आणि जूनची पाच तारीख शेजारी येते. तिरकी रेघ मात्र नको, शीर्षकच फाइलचं नाव झालं तर विंडोज ती नावात घेत नाही. नावं आटोपशीर ठेवा. अँड्रॉइड आणि लिनक्सवर नावाला साधारण २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा मोजून जेमतेम ८५ चिन्हं.

नेट नसताना नोंद उघडते का, हे कोल्हापुरात जूनच्या आधीच पाहून ठेवायला हवं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर हे वेगळं पटवून द्यावं लागू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी तिकडे चढू लागल्यावर ॲपची परीक्षा घेत बसायला वेळ नसतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, ॲप सक्तीने बंद करून पुन्हा उघडा आणि सहा महिन्यांपूर्वीची एक फोटोवाली नोंद काढा. काही ॲप अलीकडे उघडलेल्या नोंदीच फोनवर ठेवतात. मजकूर दिसतो, फोटोच्या जागी नुसतं चाक फिरत राहतं. तसं झालं तर विम्याची पॉलिसी, औषधांची यादी आणि बँकेचे तपशील आजच फोनच्या मेमरीत वेगळे ठेवा.

बाहेर पडायची वाटही आत शिरतानाच पाहून घ्या. तीनच नोंदी करा, एक फोटोची, एक तक्त्याची, एक टिक-यादीची, आणि त्या एक्स्पोर्ट करा. गुगल कीपमधून टेकआउट या गुगलच्याच डेटा बाहेर काढण्याच्या सोयीमार्फत एचटीएमएल आणि जेसॉन फाइली मिळतात. एव्हरनोट डॉट ईनेक्स फाइल देतं आणि जॉप्लिन हे नोंदींचं दुसरं ॲप ती उघडतं. एव्हरनोटच्या मोफत खात्यावर डिसेंबर २०२३ पासून ५० नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा आली. अशी मर्यादा केव्हाही येऊ शकते, म्हणून ही चाचणी टाळू नका. ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲप मुळातच साध्या डॉट एमडी फाइली तुमच्याच फोल्डरमध्ये ठेवतं. आमच्या मते धंद्याच्या नोंदींसाठी हीच रीत बरी, कारण उद्या ॲप बंद पडलं तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडते. एक्स्पोर्ट झाल्यावर तीन गोष्टी बघा: मूळ तारीख टिकली का, फोटो त्याच नोंदीशी जोडलेला आहे का, तक्त्याचे रकाने सरकले का.

एकच नोंद दोघे लिहीत असाल तर जुनी ओळ बदलू नका, खाली तारीख घालून नवी ओळ जोडा. काही ॲपमध्ये नंतर जतन झालेला मजकूर आधीचा पुसून टाकतो आणि जुनी आवृत्ती परत मिळत नाही. डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवू नका. तो आतून रोमन अक्षरांचा असतो, म्हणून आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि रफार, जोडाक्षरं, आकडे डोळ्यांनी तपासा.

कंपनीला तक्रार जरूर पाठवा, पण ‘मराठी शोध चालत नाही’ एवढ्यावर ती मागे पडते. चाचणीची नोंद जशीच्या तशी, शोधलेला शब्द, फोन आणि कीबोर्डचं नाव, ॲपची आवृत्ती आणि काय सापडायला हवं होतं ते लिहा. शब्द मजकूर म्हणूनच पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये तिन्ही ‘गुऱ्हाळ’ सारखेच दिसतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला फरक कळायला मार्गच राहत नाही.