पोर्ट ऑफ स्पेनची सात घरं आणि एक संग्रहालय : पायी कसं पाहावं

त्रिनिदादच्या राजधानीत क्वीन्स पार्क सवाना नावाचं प्रचंड मैदान आहे. त्याच्या पश्चिम कडेला, मारावल रोडवर, सात जुन्या वास्तू एका ओळीत उभ्या आहेत. लोक त्यांना ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ म्हणतात. बहुतेक प्रवासी गाडीतूनच फोटो काढून त्या दहा मिनिटांत उरकतात. तसं करू नका.

आधी वेळ साधा. सातही घरांची तोंडं सवानाकडे, म्हणजे पूर्वेला. सकाळचं ऊन थेट दर्शनी भागावर पडतं. दुपारनंतर सूर्य मागे जातो आणि फोटो काळवंडतात. सातच्या सुमारास पोचलात तर उत्तम. जानेवारी ते मे कोरडे महिने, पण कार्निव्हलचा आठवडा टाळा. तेव्हा सवानावर घरं नाही, माणसंच दिसतात. आणि बॅगेत लष्करी छापाची पँट-टोपी असेल तर घरीच ठेवा. या देशात ते कपडे बेकायदा आहेत.

सुरुवात दक्षिण टोकाला, क्वीन्स रॉयल कॉलेजपासून करा. घड्याळाचा मनोरा लांबूनच दिसतो. लेखक व्ही. एस. नायपॉल आणि सी. एल. आर. जेम्स इथलेच विद्यार्थी. शाळा आजही भरते, तेव्हा फाटकाबाहेरूनच पाहा. पुढचं हेज कोर्ट अँग्लिकन बिशपसाठी बांधलेलं. तिथे फार रेंगाळायची गरज नाही.

वेळ राखून ठेवा तो मिल फ्लर आणि रूमरसाठी. दोन्ही घरं १९०४ च्या आसपासची, कोकोच्या पैशाने शहर श्रीमंत झालं त्या काळातली. मिल फ्लरच्या व्हरांड्यापाशी थांबून छताच्या कडेचं लाकडी नक्षीकाम पाहा. लेस कातरून लावल्यासारखं दिसतं. हे घर आता जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, त्यामुळे आत जायची संधी मिळालीच तर इथेच. आदल्या दिवशी ट्रस्टला फोन करून विचारून ठेवा. शेजारचं रूमर मात्र खासगी. फाटकावरून मान वर करून त्याचे मनोरे आणि लोखंडी जाळीकाम बघा, घंटी वाजवू नका.

पुढे कॅथलिक आर्चबिशपचं घर, मग पांढराशुभ्र व्हाइटहॉल. त्याचा दगड बार्बाडोसहून आणलेला, आणि एका कोको व्यापाऱ्याचं हे घर पुढे पंतप्रधानांचं कार्यालय झालं. पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नका. शेवटी स्टोलमायर्स कासल. स्कॉटलंडचा किल्ला ताडामाडांत आणून ठेवल्यासारखा. मला तो जरा विनोदीच वाटतो, पण सात घरांत लक्षात राहतो तोच.

एव्हाना ऊन तापतं. सवानाच्या कडेला शहाळंवाले असतात. आणि वाटेत कुठे डबल्स मिळाले तर सोडू नका. दोन मऊ, तळलेले ‘बारा’ आणि त्यांवर रस्सेदार ‘चना’. १८४५ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून आलेल्या भारतीयांच्या वंशजांनी केलेला पदार्थ, म्हणून नावं ओळखीची वाटतात. तिखट बेताचं हवं असेल तर ‘स्लाइट पेपर’ म्हणा.

दुपार फ्रेडरिक स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी ठेवा, सवानाच्या दक्षिणेला. जुन्या इमारतीत डागडुजी निघते, म्हणून दालनं उघडी आहेत ना, हे इथेही आधी विचारा. आत गेल्यावर मिशेल-जाँ काझाबोंची (१८१३–१८८८) चित्रं शोधा. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या त्रिनिदादच्या चित्रकाराने इथल्या टेकड्या, झाडं आणि रस्ते जलरंगात टिपले. त्याचा मोठा आश्रयदाता म्हणजे तेव्हाचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस. त्याच गव्हर्नरचा मुलगा १८५१ मध्ये इथेच जन्मला आणि १८९० मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. आपल्या शाळकरी क्रिकेटमधली हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची.