जुन्या छोट्या गाडीला ॲल्युमिनियमचा रेडिएटर कसा बसवावा

गाडी गरम होते म्हणून रेडिएटर बदलायचं ठरवलं असेल, तर आधी ती नेमकी कधी गरम होते ते बघा. गर्दीत अडकल्यावर तापमानाचा काटा वर जातो आणि वेग घेतला की खाली येतो, तर दोष बहुधा पंख्यात किंवा त्याच्या स्विचमध्ये असतो. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा लांब चढावर काटा चढत असेल, तर रेडिएटरच्या जाळीतल्या, म्हणजे नळ्या आणि पात्यांच्या मधल्या भागातल्या, नळ्या चोंदल्याची शक्यता मोठी. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह, अडकला असेल, तर रेडिएटर बदलून उपयोग नाही. गळती दिसत नसताना कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होतंय आणि रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतायत, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, तपासून घ्या.

दोष जाळीचाच निघाला, तर ॲल्युमिनियमचा विचार जरूर करावा. जुन्या गाड्यांचे रेडिएटर बरेचदा तांब्या-पितळेचे असत. उष्णता वाहून नेण्यात तांबं ॲल्युमिनियमपेक्षा सरसच आहे, पण ते जड, आणि त्याच्या नळ्या नि पात्या सोल्डरने जोडलेल्या. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, त्यामुळे पात्यांना टेकणारा भाग वाढतो आणि गार करण्याचं काम चांगलं होतं. मात्र या धातूला दोन गोष्टी सोसत नाहीत: अंगावर येणारा ताण आणि खराब अर्थिंगमुळे कूलंटमधून वाहणारी भटकी वीज. बसवण्याची सगळी कला या दोहोंपासून त्याला वाचवण्यात आहे.

मापं घ्या, मगच विकत घ्या

‘या गाडीला बसतो’ एवढ्या शब्दावर विसंबू नका. बहुतेक अडचण जाडीची येते. छोट्या गाडीच्या मूळ जाळीच्या जागी येणारी आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीची नसलेली) जाळी 40 ते 50 मिलिमीटर जाड असू शकते, आणि पंखा, पुली, बॉनेटचं कुलूप यांच्यात तेवढी जागा नसते. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका करा, तो रेडिएटरच्या जागी उभा करा आणि बॉनेट लावून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कुठे घासणार ते त्यात लगेच कळतं.

पंखा इंजिनवरच बसवलेला असेल तर पंखा आणि जाळी यांच्यात किमान 25 मिलिमीटर अंतर हवं, कारण गिअर टाकताना आणि ब्रेक मारताना इंजिन आपल्या रबरांवर पुढेमागे झुलतं. शिवाय जास्त जाड म्हणजे जास्त चांगला, असं नाही. जाड जाळीतून हवा ओढायला पंख्याला अधिक जोर लागतो, आणि कमी वेगात तोच कमी पडतो. छोट्या इंजिनाला नळ्यांच्या दोन ओळींची जाळी आणि तिच्यावर नीट बसणारं पंख्याचं कव्हर, मी तरी हेच निवडेन.

वरच्या नि खालच्या तोंडांचा बाहेरचा व्यास, त्यांची दिशा, पंख्याच्या स्विचचे आटे, कॅपच्या तोंडाचं माप, हे सगळं जुन्याशी ताडून बघा. गाडी ऑटोमॅटिक असेल आणि गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरमधून फिरत असेल, तर नव्यातही तशी सोय हवीच.

नवा रेडिएटर हातात आला की स्वच्छ पाण्याने आतून खळखळून धुवा. बनवताना राहिलेला कीस आणि मळ निघून जातो. शक्य असेल तर गॅरेजमध्ये हवेच्या दाबावर तपासून घ्या. गळका निघाला तर तो बसवण्याआधी कळलेलं बरं.

जुना काढताना

इंजिन पूर्ण गार हवं. गरम रेडिएटरची कॅप उघडली तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट अंगावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरू लागतो. मग खालचा नळ किंवा खालचा पाईप सोडून कूलंट पसरट भांड्यात घ्या. ते चवीला गोड असतं पण विषारी. कुत्र्या-मांजरांच्या आणि मुलांच्या वाटेत ते क्षणभरही उघडं ठेवू नका आणि गटारात ओतू नका.

काही सोडवण्याआधी फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. एसी असेल तर त्याचा कंडेन्सर, म्हणजे एसीची स्वतःची जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो. त्याच्या नळ्या सोडायच्या नाहीत, तो जागेवरच नीट बांधून ठेवायचा. खालच्या पाईपमध्ये स्प्रिंग असेल तर नव्या पाईपमध्येही ती घाला. पंपाच्या ओढीने पाईप आत चेपू नये म्हणून ती असते.

आता इंजिनमधला नि हीटरमधला गाळ पाण्याने धुवून काढा. हे राहिलं, तर तोच गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसतो. थर्मोस्टॅट हाताशी आहे तोवर तोही नवा घाला, मूळ जितक्या अंश तापमानाला उघडतो तितक्याचाच.

बसवताना

रेडिएटर गाडीत घट्ट आवळायचा नसतो, रबरावर तरंगता ठेवायचा असतो. खाली आणि वर रबर बुश नवे घाला. भोकं जुळत नसतील तर रेडिएटर ओढूनताणून बसवू नका, ब्रॅकेटची भोकं कानशीने लांबट करा. बसवल्यावर हाताने हलवून बघा: रबराइतका लवलवला पाहिजे, पण धातूला धातू कुठेही लागता कामा नये. तिरका ताण राहिला तर गाडीच्या थरथराटाने जोडावर चीर पडते.

विजेचा पंखा जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी लावू नका. त्या पात्या आणि नळ्या घासतात. पंख्याला स्वतःचं ब्रॅकेट किंवा कव्हर द्या. पंख्याची अर्थिंग बॉडीच्या स्वच्छ पत्र्यावर किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या, रेडिएटरला कधीच नाही. जाळीच्या कडेने मोकळ्या फटी राहिल्या असतील तर फोमची पट्टी लावून बुजवा, नाहीतर हवा जाळीतून जाण्याऐवजी त्या वाटेने निघून जाते.

पाईप शक्यतो नवेच घाला. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे, इंजिनच्या नव्हे तर रेडिएटरच्या बाजूला बसली पाहिजे. स्विच आणि नळ आधी हाताने आटे धरून फिरवा. ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, पाना जोरात मारला की गेलेच. कॅप मूळ दाबाचीच वापरा. जास्त दाबाची कॅप जुन्या हीटरवर आणि पाईपांवर भार टाकते.

भरणं आणि तपासणं

नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आतून धातू खातात. ॲल्युमिनियमला चालणारं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या, वेगवेगळ्या प्रकारची कूलंटं एकत्र करू नका. नुसत्या रंगावरून प्रकार ठरवू नका, डब्यावरचं वाचा. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक थोडं उंच करा, हळूहळू भरा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवा, आणि त्यातून सलग धार आली की बंद करा.

बॅटरी जोडा आणि गार इंजिन सुरू करून, कॅप उघडीच असताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार कूलंटमध्ये बुडवलेली पण धातूला न टेकलेली. हात आणि तारा पंख्यापासून दूर ठेवा. मग दिवे, ब्लोअर, पंखा एकेक करून लावा. आकडा 0.1 व्होल्टच्या खाली राहायला हवा. एखादं उपकरण लावताच तो उसळला, तर त्याची अर्थिंग खराब आहे. सगळं बंद असतानाही जास्त असेल, तर आत जुन्या कूलंटचा अंश राहिलाय, पुन्हा धुवा. इतकी सोपी तपासणी फारच थोडे लोक करतात, आणि मग काही महिन्यांत जाळीला बारीक भोकं पडली की दोष रेडिएटरला देतात.

इंजिन तापू द्या. बुडबुडे निघत राहतील, पातळी खाली जाईल, तशी भरत राहा. कूलंट वर चढू लागलं, की उतू जाण्याआधी कॅप लावा. खालचा पाईप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पंखा सुरू होऊन पुन्हा बंद होईपर्यंत थांबा आणि हीटरमधून गरम हवा येते ना ते बघा. गार हवा आली तर आत अजून हवा अडकलेली आहे.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा, क्लिपा आणखी थोड्या आवळा. गाडी गार होताना वरचा पाईप चेपलेला दिसला, तर कॅपमधला, कूलंट परत आत घेणारा उलटा वॉल्व्ह अडकलाय किंवा जादा कूलंटच्या बाटलीकडे जाणारी नळी चोंदलीय. कॅप बदला, नळी साफ करा. पुढे गाडीत नवा हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम बसवलीत, तर मल्टिमीटरची ती तपासणी पुन्हा एकदा करून घ्या.