उधारीच्या खात्यांवरचे शेरे नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याआधी

कृषी सेवा केंद्राचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असते, 'मास्टर आणि ओपनिंग बॅलन्स आणून देऊ'. त्यात खातेदाराचं नाव, गाव, मोबाइल आणि येणं बाकी एवढंच येतं. 'सोयाबीन विकल्यावर देणार', 'धाकट्याला माल देऊ नये, थोरल्याला फोन करावा', 'चेक परत आलेला, रोखच' हे शेरे त्यात धरलेले नसतात. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधीच शेरे, त्यांची मूळ तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव हे तिन्ही आणून देणार का, ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. 'बघू, होऊन जाईल' हे उत्तर चालवून घेऊ नका.

पुढचं काम शेरे नेमके कुठे कुठे आहेत ते शोधण्याचं. शेऱ्याचा रकाना असतोच, पण घाईत कुणी तो उघडत नाही. निम्मा मजकूर पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत सापडतो, काही थेट नावात: 'पाटील (चेक नको)'. काही बिलाखालच्या तपशिलात असतो, आणि मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वेगळ्याच. नावातला कंस तसाच नव्या प्रणालीत गेला, तर तो बिलावर छापून खातेदाराच्या हातात पडेल. तेव्हा नाव आणि पत्त्याच्या रकान्यांत कंस, तारका, 'नको', 'फक्त', 'विचारून' असे शब्द शोधून ते शेऱ्याच्या रकान्यात हलवा. हे जुन्या प्रणालीत असतानाच करून टाका.

जुनं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीवरचं असेल तर बॅकअप घेताना एक गोष्ट पाहा. त्यात खात्यांची फाइल डीबीएफ प्रकारची असते आणि लांब मजकूर मात्र त्याच नावाच्या एफपीटी फाइलमध्ये वेगळा राहतो. फक्त डीबीएफ उचलून नेली तर नावं मिळतील, शेरे मिळणार नाहीत. 'रिपोर्ट काढून एक्सेल देतो' असं कुणी म्हटलं तरी सावध राहा. रिपोर्टचा रकाना ठरावीक रुंदीचा असतो आणि लांब शेरा तिथे मधेच तुटतो. सर्वांत लांब पाच-सहा शेरे आधी कागदावर उतरवून ठेवा आणि शेवटपर्यंत आलेत का ते ताडून पाहा.

खरी डोकेदुखी मराठीची आहे. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठलाही संगणक मराठी म्हणूनच ओळखेल अशा अक्षरांत, बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तुमच्या नेमक्या फॉन्टचं परिवर्तक लागतं, कारण प्रत्येक फॉन्टची अक्षरजुळणी वेगळी. शेऱ्याच्या मधेच इंग्रजीत काही लिहिलेलं असेल तर परिवर्तक त्याचंही काहीबाही मराठी करून ठेवतो, म्हणून असे शेरे वेगळे काढून हाताने दुरुस्त करा. बदलून आलेल्या मजकुरात ऱ्ह आणि ऱ्य नीट तपासा. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. पडद्यावर दोन्ही 'कऱ्हाड' सारखेच दिसतात, पण एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला हाती लागेलच असं नाही. सगळीकडे एकच तऱ्हा करून घ्या. आणि परिवर्तन झाल्यावरही नव्या प्रणालीत मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर बहुधा नव्या विक्रेत्याच्या डेटाबेसमधला रकाना युनिकोडचा नाही. ते दुरुस्त करणं त्याचं काम, तुमचं नाही.

मधल्या टप्प्यात एक्सेल लागतंच. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) डबल क्लिक करून उघडू नका. आयात करताना प्रत्येक रकाना 'टेक्स्ट' आहे असं सांगून ती आत घ्या. नाहीतर खाते क्रमांकाच्या पुढची शून्यं जातात, 91 लावलेला मोबाइल नंबर 9.19 वगैरे होऊन बसतो, '5-6 पोती' मधलं '5-6' वेगळ्या रकान्यात एकटं असेल तर त्याची तारीख होते, आणि पंधरापेक्षा जास्त अंकी बँक खात्याचे शेवटचे अंक शून्य होतात, ते मग परत येत नाहीत. उणे चिन्हाने सुरू होणारा शेरा एक्सेल सूत्र समजतं आणि त्या जागी चूक दाखवतं. जुन्या शेऱ्यांत ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ मारायची सवय फार, तेव्हा त्या रेघा आधी काढा.

मग शेरे वाचायचे. हे काम संगणकवाल्याकडे सोपवू नका. ज्याने काउंटरवर बसून ते लिहिले त्या दिवाणजींसमोर यादी ठेवा. तीन ढीग पुरतात: न्यायचे, जुन्या बॅकअपमध्येच राहू द्यायचे, पुसायचे. वारलेल्या खातेदाराचा शेरा सरसकट पुसू नका, आता जमीन आणि उधारी कोण पाहतो हे बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. पुसण्याच्या ढिगात मात्र आधार क्रमांक, कुणाच्या घरातली भांडणं, आजारपण आणि रागाच्या भरात लिहिलेली विशेषणं नक्की जावीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली कोणती माहिती तुमच्याकडे आहे हे विचारायचा हक्क दिला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, जे वाक्य खातेदाराला वाचून दाखवता येणार नाही ते नव्या ठिकाणी न्यायचं कशाला?

तारखांच्या बाबतीत हट्ट धरा. आयात करताना पुष्कळ प्रणाली सगळ्या शेऱ्यांवर आयातीचीच तारीख आणि आयात करणाऱ्याचंच नाव टाकतात. उधारीत हे घातक आहे. येणं वसूल करण्याचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. 1963 च्या मुदत कायद्यानुसार ती मुदत संपायच्या आत खातेदाराने देणं कबूल करून लेखी सही दिली, तर तिथून मुदत नव्याने धरली जाते. सही असलेला कागद हाच पुरावा, तुमचा शेरा नव्हे. पण तो कागद कधीचा आणि कुठल्या फाइलमध्ये आहे हे शेऱ्यातच लिहिलेलं असतं. जुनी तारीख वेगळ्या रकान्यात बसत नसेल तर ती शेऱ्याच्या मजकुरातच सुरुवातीला घाला.

जुना खाते क्रमांक आणि नवा क्रमांक यांची जोडयादी करून ठेवा. एकाच गावात एकाच नावाचे चार खातेदार असतात, त्यामुळे नावावरून जुळवलं तर एकाचा शेरा दुसऱ्याच्या गळ्यात पडेल. चाचणीसाठी सोपी खाती निवडू नका. सर्वांत लांब शेरा, जोडाक्षरांचा शेरा, मराठी-इंग्रजी मिसळलेला, तीन ओळींचा, बंद खात्यावरचा, असे मुद्दाम वेचा. आधी आणि नंतर शेरा असलेल्या खात्यांची संख्या जुळली पाहिजे. फॉन्ट बदलल्यावर अक्षरसंख्या जुळणार नाही, त्याची काळजी नको. एक नमुना बिल छापून, व्हॉट्सॲपवर पाठवूनही पाहा, कारण काही ठिकाणी शेरा बिलाखाली आपोआप उमटतो. शेरे कुणाला दिसावेत याचा परवानाही तेव्हाच ठरवा. हमालीला ठेवलेल्या पोराच्या लॉगिनमध्ये ते कशाला हवेत?

वेळ सांगायची तर, आकडे 1 एप्रिलला हलवणं सोयीचं. शेऱ्यांची सफाई जानेवारी-फेब्रुवारीत संपवा. मे अर्धा झाला की खरिपाच्या बियाण्याची गर्दी सुरू होते आणि दिवाणजींना मान वर करायला वेळ मिळत नाही. हलवण्याच्या संध्याकाळपासून जुन्या प्रणालीत नवं काही लिहायचं नाही, तेवढ्यापुरती काउंटरवर एक वही ठेवा.

जुना संगणक लगेच भंगारात काढू नका. डॉसवर चालणारं जुनं सॉफ्टवेअर 64-बिट विंडोजवर थेट चालत नाही, आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्लीसारखी वस्तू) हरवलं तर बॅकअप असूनही तो उघडता येत नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, तेवढी वर्षं तरी ते यंत्र चालू स्थितीत, इंटरनेटविना, डोंगलसकट राहू द्या. डोंगलला दोऱ्याने चिठ्ठी बांधून त्यावर कशाचं आहे ते लिहा आणि ते तिजोरीत ठेवा.